गाडी कुठवर, मेट्रो कुठून? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रोजच्या येण्याजाण्याबद्दल नागपूरच्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. बहुतेकांनी विचारलं ते एकच: गाडी सोडू, की चालवत राहू? मेट्रोचे दोन मार्ग सीताबर्डीला (म्हणजे बर्डीला) एकमेकांना छेदतात, पण शहर त्या दोन रेघांच्या बाहेर लांबवर पसरलं आहे. त्यामुळे घर ते काम या वाटेचा कोणता टप्पा कशाने करायचा, असाच विचार आम्ही प्रत्येक उत्तरात केला आहे.

प्रश्न: मानेवाडा चौकाजवळ राहतो, ऑफिस मिहानमध्ये. रोज एका बाजूचे १५ किमी ११० सीसीच्या बाइकने जातो. छत्रपती चौकात गाडी लावून पुढे मेट्रोने गेलो तर खरंच पैसे वाचतील का?

हिशेब करताना बहुतेक जण फक्त पेट्रोल धरतात आणि तिथेच फसतात. महिन्याचे २२ दिवस, रोजचे ३० किमी, म्हणजे ६६० किमी. शहरात लिटरला ५० किमी आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर इंधनाचे झाले सुमारे १३७० रुपये. आता उरलेलं जोडा. ऑइल आणि सर्व्हिसिंग मिळून दर ३००० किमीला हजार रुपये, म्हणजे महिन्याला २२०. टायरची जोडी ३६०० रुपयांची आणि २५,००० किमी चालणारी, तर ९५. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, प्लग, केबल यांचे मिळून शंभर. विम्याचे शंभर. शेवटी गाडीची घसरणारी किंमत: ९० हजारांची गाडी आठ वर्षांनी ३० हजारांना गेली, तर ६० हजार भागिले ९६ महिने, म्हणजे ६२५. सगळं मिळून महिन्याला अडीच हजारांच्या थोडं वर जातं. यातल्या किमती आम्ही धरलेल्या आहेत. तुमच्या मेकॅनिकच्या बिलावरचे आकडे घाला, पण एकही रकाना रिकामा ठेवू नका.

दुसरी बाजू अशी. घर ते छत्रपती चौक हे सुमारे साडेचार किमी गाडीनेच जायचे, म्हणजे महिन्याला २०० किमी. छोट्या अंतरात इंजिन पुरतं गरम होत नाही, म्हणून मायलेज ४५ धरा. पेट्रोलचे साधारण ४६० आणि देखभालीचे सव्वाशे. विमा तेवढाच राहतो. गाडी कमी फिरली तरी तिचं वय वाढतच असतं, म्हणून घसारा ४५० च्या खाली येणार नाही. हे झाले साडेअकराशेच्या आत. फरक उरला सुमारे १३८० रुपये आणि महिन्याच्या फेऱ्या ४४. म्हणजे मेट्रोचं तिकीट, स्टेशनवरचं पार्किंग आणि मिहानजवळच्या खापरी स्टेशनहून ऑफिसपर्यंतचा खर्च मिळून एका फेरीला ३१ रुपयांच्या आत बसलं तरच पैसे वाचतील. तिकिटापेक्षा खापरीपुढचा टप्पाच हा हिशेब बिघडवतो. कंपनीची गाडी स्टेशनवर येत असेल तर मेट्रो सरळ परवडते. रोज एकट्यासाठी ऑटो करावा लागत असेल तर परवडत नाही. शेअर ऑटो मिळाला तर बरोबरी होते. सायकल चालवणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. नागपूर मेट्रोत सायकल नेता येते, त्यामुळे घडीची सायकल असेल तर पुढचा टप्पा फुकटात होतो. मे महिन्यात मात्र हे सुचवणार नाही.

वेळेचं काय? बाइकने ३५ ते ४० मिनिटं. मेट्रोने जाताना टप्पे मोजा: स्टेशनपर्यंत १५, गाडी लावून तपासणीतून फलाटावर पोचायला ५, दर दहा मिनिटांनी मेट्रो असेल तर सरासरी थांबणं ५, प्रवास १५ ते १७, खापरीला उतरून ऑफिसपर्यंत १५. पंचावन्न मिनिटं सहज होतात. एक आठवडा घड्याळ लावून हे पाच आकडे वहीत लिहा. वेळ नेमकी कुठे जाते ते दिसलं की कोणता टप्पा बदलायचा तेही कळतं. आमचा सल्ला विचाराल तर एप्रिल ते जून आणि जोराच्या पावसाच्या दिवसांत मेट्रो, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बाइक. पावसाळ्यात एक लक्षात ठेवा. मानेवाड्याहून छत्रपती चौकाकडे येताना नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा रस्ता लागतो. पाऊस झोडपून गेला की तिथे पाणी तुंबतं. तशा दिवशी छत्रपती चौकाचा हट्ट सोडून अजनी चौकाचं स्टेशन गाठा.

प्रश्न: माझी ड्युटी दुपारी दोनला सुरू होते. नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) भर एक वाजता गाडीवर निघावं लागतं. बस-मेट्रो सोयीची नाही. काय काळजी घेऊ?

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एवढं नसलं तरी ४४-४५ अंश आपल्याकडे नेहमीचे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्यापेक्षा गरम असली की गाडीच्या वेगाने अंगावर येणारा वारा शरीरातली उष्णता काढून नेण्याऐवजी आणखी भरतो. तेव्हा थंडावा मिळतो तो फक्त घामाच्या किंवा पाण्याच्या बाष्पीभवनाने. म्हणून उघडे हात आणि टी-शर्ट घालून ‘हवा लागते’ म्हणणं चूक आहे. पूर्ण बाह्यांचा सुती, फिकट रंगाचा सैल शर्ट हवा आणि हातमोजेही सुतीच हवेत.

दुपट्टा ओला करून पिळा आणि डोकं, कान, मान झाकून बांधा. नाक-तोंडावर त्याचा एकच पदर येऊ द्या, दोन-तीन पदर ओले झाले तर श्वास कोंडतो. घरच्या कूलरच्या ओल्या खसमधून येणारी हवा ज्या कारणाने गार लागते, तेच इथे घडतं. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे हा उपाय चांगला चालतो. दुपट्टा पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, म्हणून अर्ध्या लिटरची बाटली सोबत ठेवून वाटेत सावलीत थांबा आणि तो पुन्हा भिजवा. जूनमध्ये ढग येऊन दमटपणा वाढला की याचा उपयोग फारसा उरत नाही. दुपट्टा जाड बांधून वर हेल्मेट कोंबू नका. हेल्मेट सैल बसतं किंवा वर सरकतं, आणि पडल्यावर पहिल्यांदा तेच निसटतं. पातळ मलमल वापरा. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच ढील हवी. हेल्मेट पांढरं घ्या, आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्या.

निघायच्या अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी थोडं थोडं प्या. पन्हं किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चांगलं. ओआरएसची पुडी घेत असाल तर ती किती पाण्यात मिसळायची ते पुडीवर वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची. प्रमाण चुकलं तर फायदा होत नाही. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारूनच हे घ्यावं.

गाडीवर असताना डोकं दुखू लागलं, मळमळलं, सिग्नल हिरवा झालेला लक्षात आला नाही, तर तिथेच सावलीत थांबा. घाम थांबून अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता गाडीकडे वळू. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. चाकातली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. दुपारी पंपावर तो वाढलेला दाब पाहून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा होतो. कमी हवेच्या टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि तोच उन्हाळ्यात फुटतो. चेनच्या झाकणावर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) लिहिलेला दाब पाळा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा वेगळा आकडा तिथेच दिलेला असतो. टाकी झाकणापर्यंत भरू नका. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की सुमारे १९० मिलीने फुगतं, आणि उन्हात उभ्या गाडीतून ते बाहेर येतं. डांबरी रस्त्यावर साइड स्टँडखाली लाकडाची चपटी फळी ठेवा. दुपारी डांबर मऊ होऊन स्टँड रुततो आणि गाडी लवंडते.

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, वय १७. घर जरीपटक्यात, कॉलेज एलएडी चौकाजवळ. तिला स्कूटर घेऊन द्यावी का?

नको. १६ ते १८ वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. बाजारातल्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कायद्याने पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

तिच्यासाठी मेट्रोची वाट सोपी आहे. इंदोरा चौकात ऑरेंज मार्गाची खापरीकडे जाणारी मेट्रो घ्यायची, पाचवं स्टेशन सीताबर्डी. तिथे फाटकाबाहेर न पडता अ‍ॅक्वा मार्गाच्या फलाटावर जायचं आणि पाटीवर ‘लोकमान्य नगर’ असलेलीच मेट्रो पकडायची. चौथं स्टेशन एलएडी चौक. पहिल्या दिवशी चूक होते ती बर्डीलाच. गर्दीबरोबर चालत माणूस प्रजापती नगरच्या मेट्रोत बसतो. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत जा. विद्यार्थ्यांसाठी महाकार्डवर (मेट्रोच्या स्मार्ट कार्डवर) सवलत आहे, त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र लागेल.

प्रश्न: मागच्या पावसाळ्यात पाण्यात स्कूटर बंद पडली. बटण दाबून दाबून सुरू केली, नंतर इंजिनचं मोठं काम निघालं. नेमकं काय चुकलं आणि काय करायला हवं होतं?

चूक झाली ती बटण दाबण्यात. इंजिनचा पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की तो अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टरच्या जोरानेही हे होऊ शकतं, आणि इंजिन चालू असताना पाणी शिरलं तर नक्कीच होतं.

मुळात किती पाण्यात शिरायचं? स्कूटरची चाकं लहान असतात. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे अ‍ॅक्सलच्या नटपर्यंत आलं, तर पुढे जाऊ नका. डाव्या बाजूच्या बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं की बेल्ट घसरतो आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. मोटारसायकल थोडी जास्त खोलीत तरते, पण खाली उघडं चेंबर आहे की खड्डा, ते तिलाही दिसत नाही. लोहापुलासारख्या पाणी तुंबणाऱ्या जागी समोरची गाडी पलीकडे सुखरूप निघालेली दिसेपर्यंत थांबा. तिच्या चाकाला कुठवर पाणी लागतं ते पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. तेव्हा उभ्या गाड्यांतही पाणी गेलं होतं, म्हणजे बंद गाडीलाही हेच नियम लागू.

गाडी पाण्यात बंद पडली तर चावी बंद करून ढकलत बाहेर काढा आणि मेन स्टँडवर लावा. पुढचं या क्रमाने:

१. ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर इथेच थांबा, गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.
२. ऑइल स्वच्छ असेल तर प्लगची टोपी काढून बाजूला धरा आणि प्लग पान्याने प्लग काढा. टोक ओलं असेल तर पाणी आत गेलेलं आहे.
३. प्लगच्या भोकासमोरून तोंड आणि हात बाजूला ठेवून आठ-दहा किका मारा, पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येईल. नुसतं पेट्रोल उडत असेल तर आसपास कोणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना, ते आधी पाहा.
४. एअर फिल्टरचं झाकण उघडा. कागदी फिल्टर भिजला असेल तर वाळवून लावू नका, बदला.
५. बेल्टच्या खोक्याखाली पाणी काढायची छोटी नळी असते, तिचं बूच काढा.
६. प्लग पुसून बसवा आणि मगच सुरू करा. पहिले शंभर मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे शू वाळतील.

दुधाळ ऑइलच्या गाडीत गॅरेजवाल्याने एकदाच ऑइल बदलून गाडी हाती दिली, तर ती परत करा. नवं ऑइल, साधारण ७०० ते ८०० मिली, भरून पाच मिनिटं जागेवर चालवायचं, काढायचं, पुन्हा पांढरट निघालं तर पुन्हा भरायचं. सगळं पाणी एका फेरीत निघत नाही. मागच्या चाकाचं गियर ऑइलही पाहायला सांगा, ते हटकून विसरलं जातं. आणि विम्याबद्दल एक गोष्ट: पाण्यात गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडलेलं इंजिन साधी पॉलिसी सहसा भरून देत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं.

प्रश्न: बाइकचं मायलेज ५५ वरून ४२ वर आलं. मेकॅनिक इंजिन उघडू म्हणतो.

इतक्यात उघडू देऊ नका. आधी मायलेज नीट मोजा. टाकीवरच्या काट्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, दोनशे किमी चालवा, पुन्हा तसंच भरा आणि भागाकार करा.

मग मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. सोडल्यावर दोन-तीन फेरे तरी सहज फिरायला हवं. लगेच थांबत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन जास्त ताणलेली आहे. खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वर-खाली करा, २० ते ३० मिमी हलली पाहिजे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. सर्वांत ताठ जागी २० मिमी राहील असं लावा.

आपल्या शहरात सिमेंट रस्त्यांची आणि चालू बांधकामांची धूळ भरपूर. मॅन्युअलमध्ये एअर फिल्टरसाठी जेवढे किमी लिहिले असतील, त्याच्या दोन-तृतीयांशातच तो पाहा. क्लच अर्धवट दाबून सिग्नलवर रांगत राहायची सवय असेल तर क्लच प्लेटा घासतात. तिसऱ्या गियरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट येते. म्हणजे ५५ चे ५१ झाले तर दोष पेट्रोलचा. ४२ पर्यंत घसरण झाली तर ब्रेक, चेन, टायरची हवा, फिल्टर, क्लच यांतलंच काहीतरी आहे.

प्रश्न: वर्धमाननगरहून सिव्हिल लाइन्सला कारने जाते. गुडघे दुखतात, मेट्रोचे जिने जमतील का?

स्टेशनांवर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे जिन्यांची चिंता नको. चालण्याचा विचार मात्र करा. तुम्हाला वैष्णोदेवी चौक किंवा आंबेडकर चौक स्टेशन जवळ पडेल, बर्डीला मार्ग बदलून झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरायचं. उतरल्यावर ऑफिस पाचशे मीटरच्या पुढे असेल आणि उन्हात चालावं लागणार असेल, तर कार ठेवा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की तिकडचे रस्ते मोर्च्यांमुळे वळवले जातात. ते दिवस मेट्रोचे. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा इतवारी आणि महाल या भागात चारचाकी घालूच नका.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत रात्री अकराला सुटी होते. परतीला काय?

हिंगणा रोडवर लोकमान्य नगर स्टेशन आहे, पण मेट्रो साधारण रात्री दहापर्यंतच असते. तुमच्या पाळीला ती उपयोगाची नाही. एकाच बाजूला राहणारे दोघे एका गाडीवर या आणि आळीपाळीने गाडी काढा. दुसऱ्यालाही हेल्मेट हवंच. कंपनीच्या बसची मागणी सगळ्यांनी मिळून लेखी द्या, आणि त्यात पाळीतल्या लोकांची संख्या व वस्त्यांची नावं लिहा.

गाडीचा हेडलाइट तपासा. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, तुम्ही स्वतः वर बसा आणि लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी. मागच्या मडगार्डवर आणि हेल्मेटच्या मागे लाल रंगाची परावर्तक पट्टी लावा. एमआयडीसीच्या वळणांवर ट्रकमधून सांडलेली गिट्टी पडलेली असते. वळायच्या आधीच वेग कमी करा, वळत असताना पुढचा ब्रेक दाबू नका.

प्रश्न: बर्डीहून बुटीबोरीला बसने जातो. दुपारी एका बाजूला बसलं की भाजून निघतो.

बस दक्षिणेकडे जाते. दुपारी बारानंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला येतो. जाताना डावीकडे बसा. संध्याकाळी परतताना ऊन डावीकडून येईल, तेव्हा उजवीकडे बसा. सकाळच्या फेरीला याच्या उलट. मोरभवन बसस्थानकातून बस सुटायच्या दहा मिनिटं आधी पोचलात तर हव्या त्या बाजूची खिडकी मिळायची शक्यता जास्त.